झेपेल तितकंच

शेजारच्या आजींनी टेबलावर ठेवलेली वस्तू बंदुकीसारखी अजिबात दिसत नव्हती. तेलकट कापडात गुंडाळलेला, साधारण सव्वा किलोचा पोलादी सांगाडा. नळी नाही, लाकडी दस्ता नाही. फक्त मधला भाग, ज्यात बोल्ट मागेपुढे सरकतो, काडतूस बंद होतं आणि स्फोट सांभाळला जातो. याला ‘ॲक्शन’ म्हणतात. अमेरिकेच्या कायद्याच्या लेखी एवढा भाग म्हणजेच बंदूक. नळी आणि दस्ता हे नुसते सुटे भाग.

“तुझ्यासाठी ठेवायला सांगितलं होतं त्याने,” आजी म्हणाल्या. “तुला लोखंडातलं कळतं म्हणायचा.”

मी पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान गावात राहते आणि धातूंवर उष्णतेची प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यात काम करते. आपल्याकडे लोहार कोयत्याला पाणी पाजतो, तेच काम. फक्त भट्ट्या मोठ्या आणि प्रत्येक मालासोबत कडकपणाचा कागद जोडायचा. शेजारचे आजोबा आयुष्यभर डाय बनवण्याच्या कारखान्यात होते. कुंपणावरून आमच्या गप्पा व्हायच्या त्या पोलादाच्याच. माझी लेक त्यांना ‘आजोबा’च म्हणायची. त्यांनाही तो शब्द नीट म्हणता यायला लागला होता. त्यांनीच तिला कागदावरच्या गोलावर नेम धरायला शिकवलं, तेही आम्हाला विचारून, छोट्या .२२ रायफलीने.

ही ॲक्शन त्यांनी विशीत असताना टपालाने मागवली होती. १९६८ च्या कायद्याआधी इथे रायफल अशी पोस्टाने घरी यायची. मूळ रायफल अर्जेंटिनाच्या सैन्यासाठी बर्लिनच्या डीडब्ल्यूएम कारखान्यात तयार झालेली, १९०९ मॉडेलची माउजर. अशा कित्येक रायफलींवरचं अर्जेंटिनाचं राष्ट्रचिन्ह विकण्याआधी घासून काढलेलं असतं. यावरही फक्त एक चकचकीत डाग उरला होता. आजोबांनी जुनी नळी आणि दस्ता काढून टाकला, स्वतःच्या मनासारखी रायफल बांधायची ठरवली, आणि पुढची पन्नासेक वर्षं ती ॲक्शन खणात पडून राहिली.

का, ते त्याच कापडात होतं. काडतुसांच्या खोक्याचा फाडलेला पुठ्ठा, त्यावर पेन्सिलीने लिहिलेली काडतुसांची नावं. .३०-०६. .२७०. .२५७ रॉबर्ट्स. ७×५७. पुन्हा .३०-०६. सगळी खोडलेली. त्यांना काडतूसच ठरवता आलं नव्हतं.

हे वाचून हसू येईल, पण नवी रायफल बांधताना पहिला निर्णय हाच असतो आणि बाकीचे सगळे त्यावरून ठरतात. नळीचं भोक किती, तिच्या मागच्या टोकाला काडतुसासाठी कोरायची पोकळी केवढी, पेटीत गोळ्या कशा बसणार, खांद्याला धक्का किती बसणार. एकदा पोकळी कोरली की नळी त्याच काडतुसाची झाली. आणि नवीन नळीत होणारा स्फोट शेवटी सांभाळायचा कुणी, तर शंभर वर्षांपूर्वीच्या त्या सांगाड्याने.

घरी मी विषय काढला तेव्हा नवरा जेवता जेवता थांबला.

“हिच्या शाळेत वर्षातून किती वेळा लॉकडाऊनचा सराव होतो, तुला माहितीये ना? दिवे बंद करून कोपऱ्यात गप्प बसायला शिकवतात त्यांना. आणि आपण हिच्या हातात रायफल द्यायची?”

माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं, आजही पूर्ण उत्तर नाही. लेकीला आजोबांसोबत हरणाच्या शिकारीला जायचं होतं. इथे वयाच्या बाराव्या वर्षापासून शिकारीचा परवाना मिळतो. त्याआधी सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो आणि जंगलात मोठं माणूस सोबत लागतं. अभ्यासक्रम तिने पूर्ण केला, परीक्षा दिली, आणि त्या वर्षीच्या हंगामाआधीच आजोबा गेले. मग ही ॲक्शन आली. “आपण बांधू या ना, आई,” ती म्हणाली. नवऱ्याने दोन दिवस विचार करून अटी घातल्या. तिजोरी हवी, बोल्ट काढून वेगळ्या कुलपात हवा, गोळ्या तिसऱ्या ठिकाणी. आणि किल्ल्या त्याच्याकडे. मी सगळं मान्य केलं. कागदपत्रंही गावातल्या परवानाधारक दुकानातून रीतसर झाली.

मग काडतूस. काडतुसांच्या नावांना काही एक शिस्त नाही. .३०-०६ म्हणजे .३० इंचांची गोळी आणि १९०६ साल, अमेरिकन सैन्याने ते स्वीकारलं ते. ७×५७ म्हणजे गोळी ७ मिलिमीटरची आणि पितळी टरफल ५७ मिलिमीटर लांबीचं. हे माउजरचं, १८९२ चं. .२५७ रॉबर्ट्स म्हणजे त्याच ७×५७ चं टरफल तोंडाशी आणखी निमुळतं केलेलं. नावं वेगळी, पण यांच्या टरफलांच्या बुडाचा व्यास जवळजवळ सारखाच, सुमारे १२ मिलिमीटर. त्यामुळे यातलं कुठलंही घेतलं तरी माउजरच्या बोल्टला हात लावावा लागत नाही. पर्याय इतके होतात ते यामुळेच.

गोळीबाराच्या मैदानावर ज्याला विचारावं तो .३०-०६ म्हणे. गोळ्या कुठल्याही दुकानात मिळतात, हरणापासून अस्वलापर्यंत सगळं जमतं, आणि माउजरवर बांधलेल्या अशा हजारो रायफली आजही चालू आहेत. हे सगळं खरंच आहे. मीही तेच ठरवलं. नळी निवडून झाली, फक्त पैसे भरायचे बाकी होते.

तेव्हा नवऱ्याने सहज विचारलं, “एवढं जुनं लोखंड, फुटणार नाही ना?”

“नाही रे, हजारो लोक वापरतात,” मी म्हणाले.

त्या रात्री झोप लागली नाही. कारखान्यात कुणी “हजारो लोक वापरतात” असं सांगून गिअर पाठवायला निघाला असता तर मी तो माल अडवून धरला असता. रायफल झाडताना बोल्टच्या मागच्या टोकापासून काही इंचांवर माणसाचा डोळा असतो. आमच्या बाबतीत तो तेरा वर्षांच्या मुलीचा असणार होता.

आकडे पाहा. गाडीच्या टायरमध्ये ३२ पीएसआयच्या आसपास दाब असतो. अमेरिकेत .३०-०६ साठी ठरवलेली कमाल मर्यादा ६०,००० पीएसआय आहे. .२७० ची ६५,०००. ७×५७ ची ५१,०००, कारण १८९० च्या दशकातल्या जुन्या माउजर अजून लोकांकडे आहेत हे धरूनच ती कमी ठेवलेली आहे. हा दाब सेकंदाच्या अगदी छोट्या भागापुरता असतो, पण तेवढ्या वेळात तो बोल्टला मागे ढकलतो. बोल्टच्या पुढच्या टोकाला दोन जाड दात असतात, त्यांना ‘लग’ म्हणतात. ते रिसीव्हरच्या खाचांत अडकून सगळा रेटा झेलतात. १८९८ च्या माउजरमध्ये मागे तिसरा लगही आहे, पण तो पुढचे दोन तुटले तर म्हणून. रोजचं ओझं त्या दोघांवर आणि त्यांच्या मागच्या खाचांवर.

त्या खाचा किती कडक आहेत हे पाहून कळत नाही. जुनं पोलाद डोळ्यांनी जोखणं किती महाग पडतं त्याची गोष्ट आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असते. १८९८ मध्ये क्यूबात, सान हुआनच्या टेकड्यांवर मूठभर स्पॅनिश सैनिकांनी ७×५७ च्या माउजर घेऊन अमेरिकन फौजेला रोखून धरलं. त्या एका दिवसात हजाराहून जास्त अमेरिकन सैनिक मेले किंवा जखमी झाले. अमेरिकेने त्यातून धडा घेऊन १९०३ ची स्प्रिंगफील्ड रायफल काढली. ती माउजरला इतकी जवळची होती की सरकारला माउजर कंपनीला पैसे मोजावे लागले. पण १९१७ मध्ये त्यातल्या काही रायफलींचे रिसीव्हर फुटले. चौकशीत निघालं की घडाई करणारे कामगार तापलेल्या पोलादाचा रंग बघून तापमान ठरवत होते. ढगाळ दिवशी जो रंग लाल दिसतो तो लखलखीत उन्हात फिका वाटतो. मग अनुभवी हातसुद्धा पोलाद गरजेपेक्षा जास्त तापवतात. असं जळलेलं पोलाद काचेसारखं ठिसूळ होतं. पुढे प्रक्रिया बदलली. स्प्रिंगफील्डच्या कारखान्यातल्या सुमारे ८,००,००० क्रमांकाच्या आतल्या रायफली झाडू नयेत असं जाणकार आजही सांगतात.

आमच्या माउजरचा स्वभाव उलटा. ही कमी कार्बनच्या पोलादाची. वरचा पातळ थर कार्बन देऊन कडक केलेला आणि आतला गाभा मऊ. ती सहसा फुटत नाही. पण कवच पातळ किंवा मऊ असेल तर प्रत्येक बाराला लग खाचेत केसभर रुतत जातात. बोल्ट उघडायला जड जातो, काडतुसामागची मोकळी जागा वाढत जाते, आणि एक दिवस पितळी टरफल फाटून गरम वायू मागे येतो. एका दिवसात काही होत नाही, म्हणूनच “हजारो लोक वापरतात” हे उत्तर अपुरं पडतं. त्यातल्या किती जणांनी मोजून पाहिलं?

मालकांची परवानगी घेऊन मी रिसीव्हर कारखान्यात नेला. आधी चुंबकीय कणांची तपासणी केली. भेग नव्हती. मग कडकपणा. नेहमीची रॉकवेल सी चाचणी १५० किलोच्या भाराने टोचते. पातळ कवच असेल तर टोक सरळ गाभ्यात घुसतं आणि आकडा खोटा येतो. म्हणून १५ किलोच्या हलक्या भाराची चाचणी घेतली, तीही दस्त्याखाली झाकल्या जाणाऱ्या सपाट भागावर. आकडे सी मोजमापात बदलून पाहिले. एका जागी ३५ च्या आसपास. बोटभर अंतरावर २६.

मी पुन्हा घेतली. तेच.

या रायफलींबद्दल ‘मऊ असतात’ असं ऐकून होते, पण ऐकणं वेगळं आणि स्वतःच्या यंत्रावर आकडा बघणं वेगळं. रिसीव्हर पुन्हा कार्बन देऊन कडक करता आला असता. ते माझं रोजचं काम. पण त्यात तो पिळवटायची शक्यता असते, आणि पिळवटलेला रिसीव्हर सरळ करणं म्हणजे दुसरं दुखणं.

त्या संध्याकाळी मला माझा आजो आठवला. माझं माहेर कुडाळजवळचं. आजोकडे शेतीच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर सोडवून आणायची. भात पोटरीला आलं की डुकरं उतरायची. आजो माचावर बसून बहुतेकदा हवेतच बार काढायचा. त्या बंदुकीला काडतूस नसतं. नळीत तोंडाकडून दारू ओतायची, ठासायची. म्हणजे किती दारू घालायची ते प्रत्येक वेळी माणसाने ठरवायचं. आजोकडे त्यासाठी बांबूच्या पेराचं एक माप होतं. मी विचारलं होतं, “जास्त घातली तर जास्त लांब नाय जाणार?” तो म्हणाला, “नळी म्हातारी आसा. तिका झेपात तितकीच दारू घालूची.” वाडीतल्या एकाने मोठा डुक्कर बघून दारू वाढवली होती. त्याच्या डाव्या हाताला तीनच बोटं होती. आम्हाला पोरांना ती मुद्दाम दाखवली जायची.

मी पैसे न भरता ती नळी यादीतून काढली.

मूळचं काडतूस ७.६५×५३ हा सगळ्यात साधा पर्याय होता, पण गावातल्या दुकानात ते ठेवत नाहीत आणि गोळीचा व्यासही नेहमीपेक्षा वेगळा. .३०८ सगळीकडे मिळतं, पण त्याची मर्यादा ६२,०००. .३०-०६ चं पूर्ण काडतूस जवळपास ८५ मिलिमीटर लांब. मूळ पेटीत ते जेमतेम मावतं, आणि गोळी नीट सरकावी म्हणून पुढच्या उताराचा धातू घासावा लागला तर खालच्या लगला आधार देणारी जागा तिथेच शेजारी असते. मऊ निघालेल्या जागेवर मी कानस चालवू देणार नव्हते. ७×५७ ची लांबी ७८ मिलिमीटर. ते जणू घरच्याच मापाचं, दाबही मूळ काडतुसाच्याच वर्गातला.

आणि काम काय होतं? इथल्या दाट जंगलात पांढऱ्या शेपटीचं हरीण शंभर यार्डांपलीकडे क्वचितच दिसतं. ७×५७ ची ९ ग्रॅमची गोळी सेकंदाला ८०० मीटरच्या आसपास वेगाने निघते. एवढ्या अंतराला ते पुरून उरतं. खांद्याला धक्का .३०-०६ च्या साधारण दोन तृतीयांश. तेरा वर्षांच्या मुलीला धक्क्याची भीती बसली की ती चाप ओढताना डोळे मिटते. मग गोळी कुठेही जाते आणि जनावर जखमी होऊन पळतं. त्यापेक्षा मोठं पाप या खेळात नाही, असं आजोबा सांगायचे.

ठरल्यावर एक गोष्ट लक्षात आली. जिम कॉर्बेट आपण सगळ्यांनीच कधी ना कधी वाचलेला असतो. चंपावतची नरभक्षक वाघीण १९०७ मध्ये मारल्याबद्दल त्याला जी रिग्बी रायफल बक्षीस मिळाली, ती .२७५ ची. .२७५ रिग्बी हे ७×५७ चंच ब्रिटिश नाव. रायफलीचा सांगाडाही माउजरचाच. लेकीला हे सांगितल्यावर तिला निर्णय एकदम पटला. बोल्टवरचा रेटा, कवचाची जाडी, माझे सगळे आकडे तिने सौजन्याने ऐकून घेतले होते, एवढंच.

नळी बसवायचं काम गावाबाहेरच्या एका गनस्मिथने केलं. मी त्याला कडकपणाचे आकडे दाखवले तेव्हा त्याने खांदे उडवले. “मी यांच्यावर शेकड्याने .३०-०६ बसवलेत.” तो खोटं बोलत नव्हता. कदाचित आमची ॲक्शनही .३०-०६ ने आयुष्यभर टिकली असती. पण ‘कदाचित’ लेकीच्या गालाखाली ठेवायचं नव्हतं. काडतुसामागची जागा त्याने ‘गो’ आणि ‘नो-गो’ मापांनी तपासून दिली. पहिल्यावर बोल्ट बंद झाला, दुसऱ्यावर झाला नाही.

पहिले बार कुणी खांद्यावरून काढले नाहीत. रायफल जुन्या टायरला बांधली, चापाला लांब दोरी लावली आणि आम्ही जाड मातीच्या बांधाआड बसलो. दोरी कुणी ओढायची यावर क्षणभर शांतता पसरली. मग नवरा म्हणाला, “दे इकडे.” त्याने आयुष्यात पहिल्यांदा बंदूक झाडली ती अशी, तीस फुटांवरून. पाच बार. प्रत्येक टरफल मी भिंगाखाली पाहिलं. बूड सपाट, कुठे चमकती रेघ नाही, बोल्ट दोन बोटांनी उघडत होता. पुढच्या पंचवीस बारांनंतर पुन्हा मापं लावली. ‘नो-गो’वर बोल्ट अजूनही बंद होत नव्हता. दर हंगामाआधी हे करायचं, असं ठरलं आहे.

नोव्हेंबरच्या शेवटी, थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी हंगाम उघडला. आम्ही दोघी नारिंगी जाकिटं घालून पहाटे ओकच्या झाडाखाली बसलो. आठच्या सुमाराला एक मादी उतारावर आली, ऐंशी यार्डांवर. लेकीने रायफल खांद्याला लावली, बराच वेळ बघितलं आणि खाली घेतली. “मागे काय आहे ते दिसत नाहीये,” ती कुजबुजली. मादीच्या पाठीमागे टेकडीचा कडा आणि वर नुसतं आकाश होतं. त्या दिवशी आम्ही रिकाम्या हातांनी आलो. नवऱ्याने दार उघडलं, बोल्ट मागून घेतला आणि कुलपात ठेवला. मग कॉफी केली. शाळेतल्या सरावाबद्दलचा त्याचा प्रश्न तसाच आहे आणि तो अधूनमधून विचारतो. विचारावा.

आजो गेल्यावर त्याची बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. बांबूचं माप कुठे गेलं कुणाला माहीत नाही. ठासणीच्या नळीवर माप लिहिलेलं नसतं. ते आजोच्या हातात होतं, त्याच्याबरोबर गेलं. आता ती बंदूक कुणाच्या हाती लागली तर तिला किती झेपतं हे त्याला कळायचा मार्ग नाही.

म्हणून नळीवर काडतुसाचं नाव ठोकायचं ठरलं, ते काम मी गनस्मिथला करू दिलं नाही. पंच आमच्याकडे होते, आजोबांचेच. हातोडी लेकीने मारली. शेवटचा सात जरा तिरका उमटला आहे, पण वाचता येतो.